मेघांतून उमटलेले मन

आकाशात ढग दिसले म्हणजे शेतकरी पावसाचा अंदाज बांधतो, नावाडी वाऱ्याची दिशा ताडतो आणि मुले त्यांत हत्ती, घोडे व किल्ले शोधतात. आल्फ्रेड स्टिग्लिट्झ या अमेरिकन छायाचित्रकारांनी ढगांकडे निराळ्याच दृष्टीने पाहिले. मनातील दुःखाला, भयाला किंवा शांतीला आकार नसतो. तो आकार ढगांच्या द्वारे छायाचित्रात आणता येईल काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. चित्रकार आपल्या कुंचल्याने हवी ती रेषा काढू शकतो. कॅमेरा पडला यंत्र! जे समोर असेल तेच त्यात उमटावयाचे. म्हणून छायाचित्रण ही कला नव्हे, ती केवळ नक्कल होय, असे म्हणणारे त्या काळी पुष्कळ होते.

स्टिग्लिट्झ यांचा जन्म १ जानेवारी १८६४ रोजी न्यू जर्सी राज्यातील होबोकेन या गावी झाला. यंत्रविद्या शिकण्यासाठी ते बर्लिनला गेले. परंतु तेथे हेर्मान फोगेल या रसायनशास्त्रज्ञांपाशी छायाचित्रणाचे शिक्षण घेता घेता यंत्रविद्या मागे पडली. या गुरूंविषयी थोडे सांगितले पाहिजे. त्या वेळी छायाचित्रे काचेच्या तावदानावर घेत असत. तावदानावरील लेपावर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार लवकर होई. तांबड्या प्रकाशाचा मात्र जवळजवळ होतच नसे. त्यामुळे निळे आकाश आणि पांढरे ढग ही दोन्ही चित्रात सारखीच पांढरी फटफटीत दिसत. लेपात काही विशिष्ट रंगद्रव्ये मिसळली असता इतर रंगांचाही परिणाम त्यावर होतो, हे फोगेल यांनी १८७३ मध्ये शोधून काढले. याच वाटेने पुढे सर्व रंगांची जाणीव असलेली तावदाने तयार झाली आणि काळसर आकाशावर शुभ्र ढग उठून दिसू लागले. गुरूंचा शोध शिष्याच्या कामी असा आला.

अमेरिकेस परतल्यावर स्टिग्लिट्झ यांनी १९०३ ते १९१७ पर्यंत ‘कॅमेरा वर्क’ हे नियतकालिक चालविले, न्यूयॉर्कमध्ये चित्रदालन उघडले आणि छायाचित्रणाला कलेचा मान मिळावा म्हणून सतत झगडा केला. त्यांनी काढलेली माणसांची छायाचित्रे तर फारच गाजली. परंतु १९२२ साली एका तरुण साहित्यिकाने मत मांडले, की या चित्रांतील सामर्थ्य समोर बसणाऱ्या माणसांवर स्टिग्लिट्झ यांची जी मोहिनी पडते तिच्यामुळे आलेले आहे. हे मत त्यांना चांगलेच झोंबले. ज्याच्यावर कोणाचीही मोहिनी चालत नाही आणि जो राजाला व रंकाला सारखाच मोकळा आहे, असा विषय त्यांनी निवडला. तो विषय म्हणजे ढग.

त्या उन्हाळ्यात ते लेक जॉर्ज या सरोवराकाठी आपल्या कुटुंबाच्या वाडीवर होते. त्यांची आई मरणाच्या दारी होती. चेस्टनटचे जुने वृक्ष मरून गेले होते. ३७ वर्षांच्या म्हाताऱ्या घोड्याला ७० वर्षांचा गाडीवान कसाबसा जगवीत होता. जिकडे पाहावे तिकडे मोडतोड आणि अंत. अशा मनःस्थितीत त्या ५८ वर्षांच्या गृहस्थाने कॅमेरा आकाशाकडे वळविला.

पहिली चित्रे अवजड कॅमेऱ्याने घेतलेली होती व त्यांत डोंगरांच्या काळ्या कडा दिसत. या दहा चित्रांच्या मालिकेला त्यांनी ‘संगीत’ असे नाव दिले. ही चित्रे पाहून अर्नेस्ट ब्लॉख या संगीतकाराने “संगीत!” असे उद्गार काढावेत, अशी त्यांची इच्छा होती, आणि पुढे तसेच घडले, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. गोष्ट जरा जास्तच जुळून आल्यासारखी वाटते. पण ब्लॉख यांनाच का निवडले, हे त्यावरून समजते. स्वर कोणत्याही वस्तूचे चित्र काढीत नाहीत, तरीही ऐकणाऱ्याचे मन हेलावते. ढगांच्या चित्राने हेच साधावे, असा त्यांचा हेतू होता.

१९२३ पासून त्यांनी हातात धरण्याजोगा ग्राफ्लेक्स कॅमेरा घेतला. मग डोंगर गेले, झाडे गेली, क्षितिजही गेले. सुमारे ४ इंच रुंद व ५ इंच लांब कागदावर उरला तो नुसता ढग, नुसता प्रकाश व नुसता अंधार! अशा चित्राची वरची बाजू कोणती, हेही सांगणे कठीण. काही चित्रे त्यांनी स्वतःच निरनिराळ्या बाजूंनी बसविली आहेत. १९२५ च्या सुमारास त्यांनी या चित्रांना ‘इक्विव्हॅलंट्स’ म्हणजे ‘समतुल्य’ असे नाव दिले. मनात जे आहे त्याच्या तोलाचे काहीतरी या कागदावर आहे, असा त्याचा अर्थ. कोणत्या चित्रात कोणती भावना, हे त्यांनी लिहिले नाही. ते बरेच झाले. तसे लिहिले असते तर पाहणाऱ्याने चित्र सोडून अक्षरेच वाचली असती.

बोस्टन येथील कलासंग्रहालयात त्या वेळी आनंद कुमारस्वामी हे भारतीय कलाविभागाचे प्रमुख होते. कोलंबो येथे जन्मलेल्या या पंडितांनी भारतीय शिल्प व चित्रकला पाश्चात्त्यांस समजावून सांगण्यात आयुष्य वेचले. शिवाय त्यांना स्वतःला छायाचित्रणाचा छंद होता. त्यांच्या खटपटीने १९२४ मध्ये स्टिग्लिट्झ यांची २७ छायाचित्रे त्या संग्रहालयाने भेट म्हणून स्वीकारली. मोठमोठ्या चित्रकारांच्या कृती जेथे जपून ठेवीत, त्याच छपराखाली यंत्राने घेतलेली ही चित्रेही जाऊन बसली.