स्कापँचा उपदेश

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, हें वचन आपल्याकडे आबालवृद्धांच्या तोंडीं आहे. मोलिएर या फ्रेंच नाटककारानें हाच उपदेश १६७१ सालच्या 'स्कापँचीं कारस्थानें' या प्रहसनांत एका लबाड नोकराकडून करविला आहे. मोलिएर मराठीस परका नाहीं. त्याच्या वैद्यावरील प्रहसनावरूनच हरि नारायण आपटे यांनीं 'मारून मुटकून वैद्यबुवा' हें नाटक रचलें.

आर्गांत नामक वृद्ध गृहस्थाचा मुलगा बापास न विचारतां लग्न करतो. तें लग्न कोर्टाकडून रद्द करविण्याचा म्हाताऱ्याचा निश्चय असतो. स्कापँ म्हणतो, मुलीच्या भावास दोनशें पिस्तोल, म्हणजे तितकीं सोन्याचीं नाणीं, देऊन प्रकरण मिटवा. मग तो दाव्याचा खर्च मोजूं लागतो: समन्स, नोंदणी, वकीलपत्र, नकला, कारकुनाची दक्षिणा, न्यायाधिशाचे 'मसाले'! हे मसाले मूळचे मिठाईचे नजराणे. पुढें त्यांची रोख फी झाली. शिवाय आपलाच वकील प्रतिपक्षास फितूर व्हावयाचा! यांतील एकहि गोष्ट खोटी नाहीं. खोटा आहे तो भाऊ. पैसा मुलासाठींच उकळावयाचा असतो. सत्य बोलावयास लुच्चाच लागावा, ही खरी बोचणी. आर्गांत मात्र सर्व ऐकूनहि दाव्याचा हट्ट सोडीत नाहीं. भावाचें सोंग घेतलेला नोकर तलवार परजीत येतो, तेव्हां कोठें त्याची थैली सुटते.

रासीनच्या 'दावेबाज' (१६६८) या नाटकांत तर कोंबडा खाल्ल्याबद्दल कुत्र्यावर खटला चालतो. वकील सृष्टीच्या उत्पत्तीपासून भाषण आरंभितो, आणि न्यायाधीश त्यास निदान जलप्रलयापर्यंत येण्याची विनवणी करतो. रासीन स्वतः एका दाव्यांत पोळला होता.

पॅरिसचा प्रेक्षक हंसला, कारण दावा लावणें न लावणें बहुधा त्याच्या हातीं होतें. कासार आंबोली ज्या पुणें जिल्ह्यांत मोडते, तेथील कुणब्यास एकोणिसाव्या शतकांत ती मुभा नव्हती. दावा सावकार लावी. कुणबी कोर्टांत जाईना, गेला तर त्यास कैफियत मांडतां येईना. मग एकतर्फी हुकूमनामा आणि जप्ती. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें दंगा उसळला. रयतेनें सावकारांच्या घरांतून कर्जरोखे ओढून काढले व जाळले. त्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं स्वतंत्र कायदा झाला. रोख्यावरील आंकड्यावर न विसंबतां मूळ व्यवहार कोर्टानें तपासावा, कर्जासाठीं शेतकऱ्यास तुरुंगांत घालूं नये, असें ठरलें. आणि तडजोड आधीं, दावा मागाहून, हा क्रम पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत कायद्यानेंच घालून दिला.