सुती थैली : हस्तव्यवसायाचा एक पाठ

प्राथमिक शाळांत हस्तव्यवसायाच्या तासिकेत तयार होणाऱ्या वस्तू बहुधा वर्गातून कपाटात आणि कपाटातून प्रदर्शनात जातात. त्यांतील कित्येक वस्तूंवर मुलापेक्षा घरच्या वडीलधाऱ्यांचाच हात अधिक फिरलेला असतो, हे आपण सर्व जाणतो. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगाला शिक्षणात मध्यवर्ती स्थान दिले, ते अशा शोभेसाठी नव्हे. जी वस्तू उद्या बाजारात भाजीचे ओझे उचलणार आहे, तिच्यात हयगय खपत नाही. क्रोशाने विणलेली सुती थैली ही अशी वस्तू आहे. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून तिची गरज घरोघर आहे.

हा पाठ इयत्ता पाचवी ते सातवीच्या मुलांना व मुलींना सारखाच द्यावा. विणकाम हे मुलींचे काम, असा भेद वर्गात नसावा.

क्रोशेच का? दोन सुयांच्या विणकामात ओळीतील सर्व टाके सुईवर उघडे असतात. सुई निसटली की सारी ओळ धोक्यात येते. या कामात मात्र एका वेळी एकच फास उघडा असतो. त्यामुळे शिकाऊ हाताला धीर राहतो, आणि चुकलेले काम दोरा न तोडता उसवता येते.

साहित्य : मध्यम जाडीचे सुती सूत सुमारे २०० ग्रॅम, ४ मिलिमीटर जाडीची क्रोशाची सुई, मोठ्या नेढ्याची शिवणाची सुई, कात्री, मोजपट्टी आणि खुणेसाठी वेगळ्या रंगाचा दोरा.

पूर्वतयारी : दोनच टाके शिकवावेत. सुईवरील फासातून दोरा ओढून घेतला की एक साखळी होते. मुक्या खांबासाठी सुई टाक्यात घालून दोरा बाहेर ओढावा. सुईवर दोन फास दिसतील. पुन्हा दोरा घेऊन तो दोन्ही फासांतून एकदम काढावा. प्रथम १६ खांबांच्या काही ओळी विणून रुंदी मोजावी. ती सुमारे १० सेंटिमीटर यावी. फारच अधिक आली, तर हात सैल आहे असे समजावे.

कृती : ४१ साखळ्या घालाव्यात. सुईलगतची एक साखळी सोडून उरलेल्या ४० साखळ्यांत एकेक मुका खांब विणावा. मग काम फिरवून त्याच साखळ्यांच्या दुसऱ्या कडेने आणखी ४० खांब विणावेत. असा ८० खांबांचा पहिला फेरा होतो, व तळाला शिवण लागत नाही. फेऱ्याच्या पहिल्या खांबात खुणेचा दोरा अडकवावा आणि प्रत्येक फेऱ्याला तो वर सरकवावा. याप्रमाणे न जोडता गोल विणत एकूण ४० फेरे करावेत.

पुढच्या फेऱ्यात बंद येतात. १२ खांब विणावेत, ४० साखळ्या घालाव्यात, खालचे १६ खांब सोडावेत व पुन्हा १२ खांब विणावेत. मागच्या बाजूसही असेच करावे. त्यानंतरचे ४ फेरे खांबांवर व साखळ्यांवर सलग मुक्या खांबांनीच विणावेत. नुसत्या साखळीचा बंद ओझ्याने ताणतो व हाताला कापतो. शेवटी दोऱ्याचे १५ सेंटिमीटर टोक ठेवून ते शिवणाच्या सुईने विणीत लपवावे.

गणिताशी सांगड : ४० फेऱ्यांत खांब किती? बंदानंतर फेऱ्यात १२८ खांब का होतात? मिनिटाला १० खांब धरले, तर पहिल्या ४० फेऱ्यांना ३५ मिनिटांच्या किती तासिका लागतील? ही उत्तरे मुलांनी विणकाम हाती असतानाच काढावीत.

शिक्षकांसाठी सूचना : प्रत्येक फेऱ्याअखेर मुलाने खांब मोजावेत. ८० ऐवजी ७८ भरले, तर शिक्षकाने चूक कोठे आहे ते दाखवावे. स्वतः उसवू नये, स्वतः विणूनही देऊ नये. दोन खांबांची तूट झाकली, तर पुढे थैलीची एक बाजू तिरपी होते आणि ती तिरपी का झाली हे मुलाला कधीच कळत नाही. आपल्या हाताने उसवून पुन्हा विणलेला फेरा मात्र ते विसरत नाही. वर्गातील सर्व थैल्या एकाच दिवशी पुऱ्या व्हाव्यात, हा आग्रहही नसावा.

मूल्यमापन : थैलीत दोन किलो ज्वारी भरून ती खुंटीला तासभर टांगावी. त्यापूर्वीची व नंतरची लांबी मोजून वहीत नोंदवावी. वीण उसवली नाही, बंद सुटला नाही व फेऱ्यांची गणती बरोबर आली, तर काम उत्तीर्ण समजावे. नक्षीला वेगळे गुण देऊ नयेत.

त्यानंतर थैली कपाटात न ठेवता मुलाबरोबर घरी पाठवावी. पुढील आठवड्यात तिच्यातून बाजारातून काय काय आणले, हे मुलाने वहीत पाच ओळींत लिहावे. या पाठाचा तोच शेवटचा स्वाध्याय होय.