गाठ दुखत नाही, म्हणून थांबू नका





लागण, खोडवा, खतांच्या मात्रा यांविषयी आपण या पानांतून नेहमीच बोलतो. आज एका आजाराविषयी लिहीत आहोत. हा आजार म्हणजे बायकांच्या छातीचा, म्हणजेच स्तनाचा कर्करोग. हा विषय चारचौघांत काढायला माणूस संकोचतो, हे आम्हांला ठाऊक आहे. आम्हीही संकोचलो होतो, आणि त्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे. म्हणून हा लेख पुरुष सभासदांनी आधी वाचावा आणि मग घरात मोठ्याने वाचून दाखवावा, अशी विनंती आहे.

आमच्या घरची हकीकत

दिवाळी झाल्यावर आमच्या वहिनींना आंघोळ करताना डाव्या छातीत सुपारीएवढी गाठ हाताला लागली. त्यांनी आमच्या आईला सांगितले. आईने विचारले, "दुखतीय का?" वहिनी म्हणाल्या, "न्हाई, अजिबात न्हाई." आई म्हणाली, "मग कशाला भ्यायचं?" पुढे ही गोष्ट दादांच्या आणि आमच्या कानावर आली. कारखान्याची मोळी पडली होती. आडसालीची तोड कधीही येईल, टोळी दारात उभी राहील, अशा वेळी घरात बाईमाणूस पाहिजे. आम्हीच म्हणालो, "एवढा ऊस जाऊ द्या, मग दाखवू."

ऊस गेला. मग खोडव्याची कामे निघाली, मग पुतणीचे लग्न. डॉक्टरांकडे जायला चैत्र उजाडला. तोवर काखेतही गाठ आली होती. आधी औषधांची सलाईन, मग शस्त्रक्रिया, मग किरणांचा शेक, असे वर्ष गेले. वहिनी आज आपल्यात आहेत, तपासणीला नियमाने जातात. पण डॉक्टर जे बोलले ते आम्ही विसरलो नाही. ते म्हणाले, "गाठ सुपारीएवढी होती तेव्हाच आला असता, तर एवढं सगळं करावं लागलं नसतं." पाच महिन्यांचा तो उशीर वहिनींनी केला नव्हता, आम्ही घरातल्या माणसांनी केला होता.

हा आजार काय आहे?

आपल्या शरीरातील पेशी ठरावीक क्रमाने वाढतात आणि मरतात. काही पेशींचा हा क्रम बिघडतो, त्या बेसुमार वाढतात आणि त्यांची गाठ बनते. सुरुवातीला ती स्तनापुरती असते. पुढे काखेतल्या ग्रंथींत जाते आणि तिथून हाडे, फुप्फुस, यकृत येथपर्यंत पोचते.

भारतातल्या स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत आज हाच पहिल्या क्रमांकावर आहे. २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणे देशात एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. हा शहरातल्या बायकांचा आजार, असे समजून गावाने निर्धास्त राहू नये.

वय वाढते तसा धोका वाढतो. आई किंवा बहिणीला झाला असेल तर अधिक सावध राहावे. पण ज्यांना हा आजार होतो त्यांतल्या बहुतेकींच्या घरात तो पूर्वी कुणाला झालेला नसतो. वाढलेले वजन आणि दारू यांनीही धोका वाढतो. बाळाला अंगावर पाजल्याने तो काही अंशी कमी होतो. शंभर रुग्णांत एखादा पुरुषही असतो, तेव्हा गड्यांनीही छातीतल्या गाठीकडे काणाडोळा करू नये.

कोणत्या खुणा पाहाव्यात?

१) स्तनात किंवा काखेत गाठ, विशेषतः कडक आणि न दुखणारी.
२) एका स्तनाच्या आकारात नव्याने पडलेला फरक.
३) कातडीला खळगा पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे.
४) बोंड नव्याने आत ओढले जाणे, त्यावर बरी न होणारी खपली किंवा चट्टा येणे.
५) बोंडातून रक्त किंवा रक्तमिश्रित पाणी येणे.

यांतले काहीही दिसले म्हणजे कर्करोगच झाला, असे मुळीच नाही. बहुतेक गाठी साध्या निघतात. पण साधी की वाईट हे आपण घरी बसून ठरवायचे नाही. दुखण्यावरून तर नाहीच नाही, कारण हा आजार सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

उसात काणीचा चाबूक दिसला तर आपण काय करतो? त्याच दिवशी त्यावर पिशवी घालतो आणि बेट मुळासकट काढतो. 'ऊस तर हिरवा दिसतोय' म्हणून थांबत नाही. इथेही तसेच. मात्र उदाहरण एवढ्यापुरतेच घ्यावे. काणी शेजारच्या बेटाला लागते, कर्करोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाचे ताट-वाटी वेगळी करणे हा अडाणीपणा आहे.

लवकर कळल्याने काय फरक पडतो?

आपल्या देशातल्या कर्करोग नोंदणीचे आकडे बोलके आहेत. रोग स्तनापुरताच असताना सापडला, तर शंभरातल्या सुमारे ८१ बायका पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. दूरच्या अवयवांत पसरल्यावर सापडला, तर सुमारे १८. रोग तोच, फरक आहे तो कधी सापडला याचा.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली एक मोठा अभ्यास सुरू केला. झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या जणींची छाती प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासली. यंत्र नाही, फक्त शिकलेला हात. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या स्त्रियांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे.

आपल्या बार्शीत १९८७ पासून गावोगावच्या कर्करोगाची नोंद ठेवली जाते. तिथली माणसे गावात जाऊन माहिती सांगू लागली, आणि तेवढ्यानेच गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण बायका आधीपेक्षा लवकर दवाखान्यात येऊ लागल्या. नुसते सांगण्यानेही जीव वाचतात, ते असे.

तपासणी कुठे आणि कशी?

तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीने आपल्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात छातीची तपासणी करून घ्यावी. सरकारी कार्यक्रमात ती दर पाच वर्षांनी करण्याची सोय आहे. आशाताईंना विचारले की दिवस कळतो. चाळिशीनंतर मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा खास एक्स-रे, केव्हा काढायचा ते डॉक्टरांना विचारावे.

घरच्या घरी महिन्यातून एकदा, पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात, आरशासमोर पाहावे आणि बोटांच्या पेरांनी स्तन व काख चाचपावी. पाळी गेलेल्यांनी महिन्याची एक तारीख धरावी. आपली छाती नेहमी कशी असते ते माहीत झाले की बदल लगेच कळतो. पण याने सेविकेची किंवा डॉक्टरांची तपासणी चुकवायची नाही.

गाठ संशयास्पद वाटली तर सुईने तुकडा काढून तपासतात. सुई लावल्याने रोग पसरतो, ही समजूत खोटी आहे. लेप, पाला आणि मंत्र यांत महिने घालवू नयेत. खर्चाची काळजी वाटत असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे.

शेवटी एकच मागणे. तोड पुढे-मागे झाली तर गट ऑफिसला सांगून दोन दिवस इकडे-तिकडे करता येतात. गाठीला तसे सांगता येत नाही. घरातल्या बाईने 'हाताला काहीतरी लागतंय' म्हटले, तर त्याच आठवड्यात तिला घेऊन निघा. आणि भगिनींनो, कुणी नेण्याची वाट पाहू नका. शेजारणीला सोबत घ्या आणि सकाळच्या एस.टी.ने जा. ऊस आठ दिवस थांबला तरी चालेल.