तुळईवरची अक्षरं

आपल्या सोलापूरकडची जुनी घरं बघा. वर कौलं नाहीत, माळवद आहे. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, त्यांवर मातीचा जाड थर. आपल्याकडे पाऊस कमी, म्हणून मातीचं छप्पर टिकतं. भिंती जाड, म्हणून उन्हाळ्यात आत गार वाटतं. अशा वाड्याला आपण नुसतं 'पडकं' म्हणतो. बांधणाऱ्याला अक्कल होती!

घरांहून जुनी असतात देवळं. त्यांतल्या एकाची हकीकत ऐका.

दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल आहे. तिथं सीना नदी भीमेला मिळते. संगमावर संगमेश्वराचं दगडी देऊळ आहे. शेजारी हरिहरेश्वराचं. ते मातीखाली गाडलं गेलं होतं. माती काढली तेव्हा आत एक पिंड निघाली. तिच्यावर ३५९ मुखं कोरलेली आहेत.

पण आपल्याला बघायची ती संगमेश्वराची तुळई. ही तुळई दगडाची. तिच्यावर अक्षरं कोरली आहेत. साल शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. म्हणजे हा लेख तिच्याही आधी २७२ वर्षांचा! मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत तो मोजतात.

किती माणसं त्या तुळईखालून दर्शनाला गेली असतील! सोलापूरचे आनंद कुंभार गावोगाव हिंडून असे लेख शोधत. त्यांनी हा लेख उजेडात आणला.

लेखात शेवटी लिहिलं आहे, 'वाछि तो विजेया होईवा.' म्हणजे, जो वाचील तो विजयी होईल. तलवारवाला नव्हे. वाचील तो.

आता आपलं बघा. जुना कोरीव दगड सापडला की आपण काय करतो? पायरीला बसवतो. त्यावर धुणं धुतो. नाहीतर देवाचा म्हणून शेंदूर फासतो, ऑइलपेंट लावतो. रंग खाचांत बसला, मग अक्षर वाचणार कोण?

असा दगड दिसला तर विळ्यानं किंवा तारेच्या ब्रशानं खरवडू नका. नुसत्या पाण्यानं धुवा. जाणकार लोक दगडावर ओला कागद बसवतात, ब्रशानं ठोकतात, वरून शाई लावतात. कागद खाचेत जातो, तिथं शाई लागत नाही. काळ्या कागदावर पांढरी अक्षरं उठतात.

आपल्याजवळ हे सामान नसलं तरी चालेल. सकाळी ऊन तिरकं असताना जा. खाचेत सावली पडते, अक्षर दिसू लागतं. एकेक अक्षर वहीत उतरवून घ्या. कळलं नाही ते दिसेल तसं काढा.