शाळेची क्रीडास्मृती : काचेच्या खोल चौकटीचा पाठ

तालुका वा जिल्हा क्रीडास्पर्धेत मिळविलेली पदके व प्रशस्तिपत्रे पुष्कळ शाळांत कपाटाच्या तळाशी पडून असतात. फितीला बुरशी येते, कागदाला कसर लागते आणि चार वर्षांनी ते पदक कोणी, कोणत्या खेळात मिळविले हे सांगणारा कोणीही उरत नाही. या वस्तू जतन करणे हा इयत्ता सातवीसाठी हस्तव्यवसाय, गणित व भाषा यांचा उत्तम समवायी पाठ होऊ शकतो.

१९५२ साली हेलसिंकी येथे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. श्रीरामपूरचे झहीर खान व संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे जन्मलेले अजिंक्य रहाणे यांना आज सारे जग ओळखते. पुढे कोणाचे नाव होईल हे शाळेला आधी कळत नसते. म्हणून प्रत्येक मुलाची नोंद सारख्याच आस्थेने ठेवावी.

साहित्य : लाकडी पट्ट्या, काच, प्लायवूड, जाड पुठ्ठा, धुतलेले मांजरपाट, सुती दोरा, सुया, स्क्रू.

मोजमाप : खो-खो संघाचा सदरा घडी घालून ३० × ४० सें. मी. होतो असे समजू. चारही बाजूंस ५ सें. मी. मोकळी जागा सोडल्यास चौकटीचे आतील माप ४० × ५० सें. मी. होईल. परिमिती १८० सें. मी. व क्षेत्रफळ २,००० चौ. सें. मी. मुलांकडून काढून घ्यावे. कोपऱ्यांच्या जोडासाठी लाकूड अधिक का लागते, हेही त्यांना विचारावे. खोली सुमारे ६ सें. मी. ठेवावी. काच कापण्याचे व बसविण्याचे काम गावच्या सुताराकडेच द्यावे.

कृती : सदरा प्रथम धुऊन पूर्ण वाळवावा, घामाचे डाग कालांतराने कापड पिवळे करतात. पुठ्ठ्यावर मांजरपाट ताणून बसवावे व सदरा त्यावर विरळ टाक्यांनी शिवावा. गोंद, चिकटपट्टी वा लोखंडी टाचण्या वापरू नयेत. गोंदाचे व चिकटपट्टीचे डाग निघत नाहीत आणि टाचण्या गंजतात. पदकाची फीत शिवून घ्यावी व पदकाच्या कडेलाही दोऱ्याचा आधार द्यावा, म्हणजे भार फितीवर पडणार नाही. पितळेचे पदक चिंचेने वारंवार घासू नये, अक्षरे झिजतात. कोणतीही वस्तू काचेला टेकता कामा नये. काचेवर ओल धरली तर डाग पडतो. प्रशस्तिपत्राची छायाप्रत लावावी आणि मूळ प्रत दप्तरी सुरक्षित ठेवावी. पाठीमागील प्लायवूड खिळ्यांऐवजी स्क्रूने बसवावे, म्हणजे वर्षातून एकदा उघडून तपासता येईल.

जागा : ऊन थेट पडणारी भिंत टाळावी, रंग उडतो. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागातील शाळांत पावसाळ्यात भिंती ओलावतात. तेथे चौकटीमागे लाकडाचे लहान ठोकळे लावून हवा खेळती ठेवावी. दोन खिळ्यांवर टांगल्यास चौकट तिरपी होत नाही.

नामपट्टी : हा भाषेचा पाठ समजावा. खेळ, स्पर्धा, ठिकाण, वर्ष व राखीव खेळाडूंसह सर्वांची नावे मुलांनी सुवाच्य अक्षरांत लिहावीत. जो मुलगा मैदानात उतरला नाही, परंतु रोज सरावाला आला, त्याचे नाव गळले तर ती नोंद अपुरी होय.

एक दक्षता शिक्षकांनी आवर्जून घ्यावी. वैयक्तिक पदक हे त्या मुलाचे आहे. शाळेच्या भिंतीची शोभा वाढावी म्हणून ते ठेवून घेऊ नये. शाळेने त्याचे छायाचित्र लावावे. पदक घरी कसे जपावे, हे त्या मुलाला व त्याच्या पालकांना समजावून द्यावे. शेतमजुराच्या घरात ती एक वस्तू मुलीचे शिक्षण पुढे चालू ठेवण्यास बळ देऊ शकते.

मूल्यमापन : पाठानंतर मुलांना एकच प्रश्न विचारावा, "वीस वर्षांनी या चौकटीपुढे उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाला काय काय कळेल?" उत्तरांत जे राहून गेले असेल, ते त्याच दिवशी नामपट्टीवर लिहून घ्यावे.