परसातली पपई

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. मुलाला पाच दिवसांपासून ताप होता, रक्त मात्र तपासलेले नव्हते. "डॉक्टरसाहेब, घरचीच पपई आहे, पानांचा रस दोन वेळ देतो आहोत," असे ते म्हणाले. आदल्या दिवशी ताप उतरला म्हणून घरची मंडळी निर्धास्त होती. परंतु मुलाचे पोट दुखत होते आणि उलट्या थांबत नव्हत्या. त्याला त्याच दुपारी भरती करावे लागले. मुलगा बरा झाला. पपईवर लिहायचे मी तेव्हाच ठरवले, कारण झाड गुणाचे आहे, उपयोग तेवढा चुकला.

डेंग्यूत खरा धोका बहुधा ताप उतरतानाच असतो. रक्तातील पाणी केशवाहिन्यांतून बाहेर झिरपते, रक्तदाब घसरतो. पानांच्या रसाने प्लेटलेट वाढल्याचे काही लहान अभ्यासांत दिसले आहे. पण हे झिरपणे त्याने थांबते किंवा जीव वाचतो, असे सिद्ध झालेले नाही. पोटदुखी, सततच्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती यांपैकी काहीही दिसले की रुग्णालय गाठावे. तापाला पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको.

आता झाडाकडे वळू. पपई मूळची मध्य अमेरिकेतली, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. नागपूरचे ऊन तिला सोसते, पण साचलेले पाणी मुळीच सोसत नाही. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. आळ्यात एक दिवस जरी पाणी उभे राहिले तरी बुंधा कुजू लागतो. म्हणून मातीत वाळू व शेणखत मिसळून उंचवटा करावा आणि रोप त्यावर लावावे. बुंध्याला मातीची भर द्यावी आणि पाण्याचे आळे तिच्या बाहेरून गोल काढावे. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा वाळलेल्या गवताचे आच्छादन घालावे आणि कोवळ्या रोपाला पश्चिमेकडून आडोसा करावा.

बाजारातल्या फळाचे बी टाकून पाहणारे पुष्कळ असतात. संकरित फळाच्या बियांतून तसेच झाड येईल याची खात्री नसते. काही जातींत नर व मादी झाडे वेगळी असतात. पाच-सहा महिने जोपासल्यावर लोंबत्या दांड्यांवर फुलांचे घोस आले की कळते, हा नर! 'पुसा डेलिशियस' किंवा 'कुर्ग हनी ड्यू' लावल्यास ही निराशा टळते, कारण त्यांत निव्वळ नर झाड निघत नाही. पाने चट्टेरी होऊन आक्रसू लागली आणि फळांवर वलये दिसली, तर तो मावा किडीने पसरवलेला विषाणू असतो. त्याला औषध नाही, झाड उपटून नष्ट करावे. भोपळा-काकडीचे वेल शेजारी नकोत.

पिकलेल्या पपईच्या 100 ग्रॅम गरात सुमारे 60 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. शिवाय कॅरोटीन असते, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. लहान मुलांच्या दृष्टीसाठी ते मोलाचे. मधुमेह असलेल्यांनी बेताने, वाटीभर खावी. गर्भवतीने कच्ची व अर्धकच्ची पपई टाळावी, कारण चिकाने गर्भाशय आकुंचन पावण्याची शक्यता असते. पूर्ण पिकलेल्या फळाची धास्ती मात्र उगाचच घेतली जाते.

आणखी एक, डेंग्यूचा डास आपल्या कूलरच्या टाकीत जन्मतो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून आतून घासावी. अंडी भिंतीला चिकटलेली असतात, नुसते पाणी ओतून जात नाहीत. ते पाणी पपईला घालण्याचा मोह होतो, पण नको. वाफ होऊन उरलेल्या त्या पाण्यात क्षार साचलेले असतात, टाकीतला पांढरा थर पाहा. अंगण धुवायला ते ठीक.

लावल्यापासून नऊ-दहा महिन्यांनी फळे काढणीला येतात. चीक पातळ झाला आणि सालीवर पिवळा पट्टा दिसला की तोडून कागदात गुंडाळून ठेवावे. झाडावरच पिकू दिले तर पहिला वाटा पोपटांचा आणि खारींचा.