किंग्ज क्रॉस : एका भुयारी स्थानकाचा इतिहास व व्यवस्था

मुंबईत आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटर लांबीची मेट्रो मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुली झाली. तिच्यावरील २७ स्थानकांपैकी २६ स्थानके भूमिगत आहेत. पुण्यातही शिवाजीनगर, स्वारगेट येथे उतारू गाडीसाठी जमिनीखाली उतरू लागले आहेत. अशा स्थानकातील धातूचे सरकते जिने, बाहेर पडण्याच्या मार्गाचे फलक, धूम्रपानास मनाई या गोष्टी आपणांस स्वाभाविक वाटतात. त्यांपैकी कित्येक गोष्टी कशा शिकल्या गेल्या, हे समजून घेण्यासाठी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल.

जगातील पहिली भुयारी प्रवासी रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी लंडनमध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन या सुमारे सहा किलोमीटरच्या मार्गावर सुरू झाली. (बोरीबंदर ते ठाणे ही आपली पहिली गाडी तिच्याआधी दहा वर्षे, १८५३ मध्ये धावली होती, ती अर्थातच उघड्या आकाशाखाली.) या योजनेचा सतत पाठपुरावा करणारे विधिज्ञ चार्ल्स पिअर्सन उद्घाटनापूर्वी काही महिने निवर्तले. रस्ता उकरावयाचा, खंदकात रूळ टाकावयाचे आणि वर कमानीचे छत घालून रस्ता पूर्ववत करावयाचा, अशी बांधणीची रीत होती. गाड्या वाफेच्या इंजिनांनी ओढल्या जात आणि डब्यांत गॅसचे दिवे असत. भुयारात कोंडणाऱ्या धुराविषयी तक्रारी होत. तरीही लोकांनी ही रेल्वे पहिल्या दिवसापासून उचलून धरली. किंग्ज क्रॉस हे या मार्गावरील आरंभीचे एक स्थानक होय.

वीज आल्यावर खोल बोगदे शक्य झाले. लंडनच्या चिकणमातीत नळीसारखे बोगदे खोदून १९०६ मध्ये आजची पिकॅडिली मार्गिका आणि १९०७ मध्ये आजची नॉर्दर्न मार्गिका येथे पोहोचली. १९६८ मध्ये व्हिक्टोरिया मार्गिकेची भर पडली. अशा रीतीने एकाखाली एक फलाटांचे थर तयार झाले आणि त्यांना जोडणारे सरकते जिने हेच स्थानकाचे मुख्य रस्ते बनले. पिकॅडिली मार्गिकेचे जिने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बसविलेले होते. त्यांच्या पायऱ्या व बाजू लाकडी होत्या.

१८ नोव्हेंबर १९८७ रोजी सायंकाळी साडेसातच्या सुमारास यांपैकी एका जिन्याखाली आग दिसली. कोणीतरी टाकलेली पेटती काडी पायरी आणि कडेची पट्टी यांमधील फटीतून खाली पडली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. खाली वर्षानुवर्षे साचलेले वंगण, धूळ, केस आणि कागदाचे कपटे होते. भुयारी स्थानकांत धूम्रपानास १९८५ पासूनच बंदी होती. परंतु बाहेर पडता पडता जिन्यावरच सिगारेट शिलगावण्याची सवय मोडली नव्हती. याच जिन्याखाली पूर्वी लागून आपोआप विझलेल्या लहान आगींच्या खुणाही नंतर सापडल्या. लाकडी जिन्यांना अधूनमधून आग लागणे कर्मचाऱ्यांच्या इतके अंगवळणी पडले होते की, तिला ‘आग’ न म्हणता ‘धुमसणे’ म्हणण्याची पद्धत होती. शब्द सौम्य झाला की तयारीही सौम्य होते. जिन्याखाली पाण्याचे फवारे सोडण्याची सोय होती, पण त्या रात्री ती वापरली गेली नाही. पोलिसांचा बिनतारी संच जमिनीखाली चालत नसल्याने अग्निशमन दलाला बोलाविण्यासाठी एका शिपायास धावत वर यावे लागले.

ज्वाळा प्रथम किरकोळ वाटत होत्या. त्यामुळे उतारूंना दुसऱ्या जिन्याने वरच्या तिकीटघरात पाठविण्यात आले, आणि गाड्याही काही वेळ येतच राहिल्या. पावणेआठच्या सुमारास आगीचा प्रचंड लोट एकाएकी जिन्यातून उसळून तिकीटघरात शिरला. ३१ माणसे प्राणास मुकली. अग्निशमन दलाचे अधिकारी कॉलिन टाउन्सली हे त्यांपैकी एक होत. एका मृताची ओळख तर २००४ मध्ये पटली.

इतकी लहान आग एवढ्या वेगाने कशी वाढली, हा प्रश्न तज्ज्ञांनाही पडला. हार्वेल येथील संशोधकांनी संगणकावर केलेल्या गणितात ज्वाळा सरळ वर न जाता जिन्याच्या तळाशी आडव्या होऊन वर सरकताना दिसल्या. आरंभी हे कोणास खरे वाटेना. मग जिन्याची लहान प्रतिकृती करून ती प्रत्यक्ष पेटविण्यात आली, तेव्हा तेच घडले. सुमारे ३० अंशांच्या उतारावर दोन्ही बाजू बंद असलेल्या पन्हळीत आग लागली की तिची झळ वरच्या पायऱ्यांना आधीच तापवते, आणि त्या तापल्या की सगळा जिना जवळपास एकदमच पेट घेतो. या क्रियेला आता ‘खंदक परिणाम’ म्हणता येईल अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. आगीच्या शास्त्रात ही गोष्ट त्यापूर्वी जवळजवळ अज्ञात होती.

डेझमंड फेनेल यांनी केलेल्या सार्वजनिक चौकशीचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १५७ शिफारशी होत्या. दोष एका काडीवर न ढकलता त्यांनी साफसफाई, प्रशिक्षण, संपर्कव्यवस्था आणि वरिष्ठांची बेफिकिरी यांवर बोट ठेवले, हे त्या अहवालाचे खरे मोल आहे. १९८९ मध्ये भूमिगत स्थानकांच्या अग्निसुरक्षेचे स्वतंत्र नियम झाले. लाकडी जिने जाऊन धातूचे आले, जिन्यांखाली उष्णता ओळखणारी यंत्रे व आपोआप सुटणारे फवारे बसले, आणि आगीची शंका येताच स्थानक रिकामे करण्याचे शिक्षण कर्मचाऱ्यांना मिळू लागले.

आज या एका स्थानकात सहा मार्गिका एकत्र येतात. २००७ पासून शेजारच्या सेंट पॅन्क्रस स्थानकातून युरोपला जाणाऱ्या गाड्याही सुटतात. वाढत्या गर्दीसाठी २००६ व २००९ मध्ये नवी तिकीटघरे उघडली. पर्यायाने बाहेर पडण्याच्या वाटाही वाढल्या. २०१० पासून उद्वाहनांमुळे अपंग व वृद्ध उतारू एकही पायरी न चढता सर्व फलाटांवर पोहोचू शकतात.

लंडनच्या या रेल्वेवरील शेवटचा लाकडी सरकता जिना मात्र बराच काळ टिकून होता. तो ग्रीनफर्ड स्थानकात होता. तेथे उतारू जमिनीवरून वरच्या फलाटाकडे चढत असल्याने भूमिगत स्थानकांचे नियम त्याला लागू नव्हते. तो २०१४ मध्ये बंद करण्यात आला.